शेतकऱ्याची पट्टी आणि स्थानिक स्वराज्य

या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय कळवला तेव्हा मी थोडा बिचकलो. ‘शेतीचे संवर्धन व नियंत्रण यांत स्थानिक स्वराज्य संस्थांचे कार्य’ असे त्याचे भारदस्त नाव होते. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि संघटनेच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके उलटीपालटी करून झाले. तेव्हा या विषयाच्या दिवाणखान्यात दर्शनी दाराने शिरण्याऐवजी मी बाजाराच्या मागच्या दाराने, जिथे पोती उतरतात तिथून शिरतो. आपण पुणेकर रोज भाजी आणतो, धान्य भरतो. पण तो माल आपल्या पिशवीत येण्यापूर्वी कोणकोणत्या हातांखालून आणि कायद्यांखालून जातो, याची चौकशी आपण क्वचितच करतो.

माझ्याजवळ एक जुनी पट्टी आहे. पट्टी म्हणजे काय, हे शहरातल्या मंडळींना सांगितले पाहिजे. शेतकरी आपला माल अडत्याच्या गाळ्यावर टाकतो, अडत्या तो विकून देतो, आणि विक्रीचा जो हिशेब कागदावर लिहून देतो तिला पट्टी म्हणतात. ही पट्टी १९८६ सालची, माझ्या वडिलांच्या कांद्याची आहे. आमचे गाव पुरंदर तालुक्यातले. त्या साली मी चौदा वर्षांचा होतो आणि आप्पांबरोबर मालमोटारीत पोत्यांवर बसून पहिल्यांदाच गुलटेकडीला आलो होतो. पट्टीवर लिहिले आहे: दहा पिशव्या, वजन ५२० किलो, भाव क्विंटलला ८० रुपये, एकूण ४१६ रुपये. त्याखाली वजावट: अडत २५, हमाली १५, तोलाई ५, मोटारभाडे १२०, मागील उचल १५०, इतर ११. शेवटी हातात आले ते ९० रुपये.

परतीच्या वाटेवर मी विचारले, “आप्पा, ‘इतर’ म्हंजी काय?” आप्पा म्हणाले, “ते त्यांनाच ठावं.” 

बाजार नियंत्रणाचा कायदा होऊन तेव्हा तेवीस वर्षे झाली होती. ज्या वजावटीला नाव नाही ती घेताच येत नाही, असे तो कायदा सांगत होता. आप्पांना ते माहीत नव्हते, आणि अडत्याला बहुधा माहीत होते. तो अकरा रुपयांचा रकाना माझ्या डोक्यातून कधी गेला नाही. आजचा सारा विषय त्या रकान्यातच आहे, असे म्हटले तरी चालेल.

त्या पट्टीच्या बरोबर शंभर वर्षे मागे, १८८६ सालाकडे, आता जाऊ. त्या एकाच वर्षी आपल्या मुलखात दोन गोष्टी घडल्या. पुण्यात नगरपालिकेने मोठी दगडी मंडई बांधून खुली केली. गव्हर्नर लॉर्ड रे याच्या नावाने तिला ‘रे मार्केट’ म्हणत. तोपर्यंत पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात उघड्यावर भरे. आणि इकडे वऱ्हाडात, कारंजा येथे, त्याच साली कापसाचा पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला. हिंदुस्थानातला हा पहिलाच. कारंजे आज वाशीम जिल्ह्यात आहे.

या दोन्ही गोष्टींना आपण बाजारच म्हणतो, परंतु त्या दोन निरनिराळ्या कल्पना आहेत. पुण्याच्या मंडईने छप्पर दिले, ओटे दिले, पाणी दिले, झाडलोट केली आणि त्याबद्दल गाळ्याचे भाडे घेतले. पुणेकराला चिखलातून भाजी आणावी लागू नये, ही तिची दृष्टी. विकणारा कोण, त्याने माल कितीला आणला, शेतकऱ्याला काय मिळाले, हे मंडई विचारत नव्हती. कारंज्याच्या बाजाराने मात्र सौद्यालाच हात घातला. सौदा कुठे व्हावा, दलाली किती असावी, वजन कोणी करावे, हे तिथे नियमाने ठरू लागले. यात सरकारला शेतकऱ्याचा पुळका आला होता अशी कोणाची समजूत असेल तर ती सोडून द्यावी. मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस भेसळीवाचून आणि वाजवी भावाने हवा होता, म्हणून ही व्यवस्था. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्याच्या बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला, तेव्हाही बाजारसमितीत नगरपालिकेची माणसे होती, व्यापारी होते. पिकवणाऱ्याला मात्र जागा नव्हती. तरीही एक मोठी गोष्ट त्यातून मान्य झाली ती ही, की दोन माणसांतला सौदा हा केवळ त्या दोघांचा खाजगी मामला नाही. जिथे एक बाजू नडलेली असते तिथे गावाने मध्ये उभे राहायला हवे.

जाता जाता मंडईविषयी एक सांगतो. मंडईवर एवढा खर्च करायला जोतीराव फुल्यांचा विरोध होता. ते १८७६ ते १८८२ या काळात नगरपालिकेचे सभासद होते आणि तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे जावा असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव दिले गेले. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही त्यांचेच नाव आहे. ज्याने ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला त्याचे नाव दोन शहरांच्या बाजारांवर असावे हे योग्यच. पण त्या नावाखाली बसून शेतकऱ्याचा हिशेब कसा होतो, तेही पाहायला हवे होते.

१९२८ साली लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेतकी कमिशनने नियंत्रित बाजार देशभर व्हावेत अशी शिफारस केली. मुंबई प्रांतात कापसापुरता कायदा १९२७ मध्ये झालाच होता. सर्व शेतमालाचा १९३९ मध्ये झाला. आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ चा कृषि उत्पन्न पणन कायदा आला. त्याआधी पुण्यात भुसाराचा व्यापार नाना पेठ-भवानी पेठेतल्या दुकानांतून चाले. तो पुढे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला आणि घाऊक भाजीबाजारही मंडईतून उठून तिथेच गेला. असे स्थलांतर इतरांनाही चुकले नाही. पॅरिसचा मध्यवस्तीतला जुना बाजार १९६९ मध्ये शहराबाहेर रुंजीस येथे गेला आणि लंडनचे कॉव्हेंट गार्डन १९७४ मध्ये नदीपलीकडे. शहर वाढले की गाड्यांना गल्ली पुरत नाही.

आता बाजारसमिती म्हणजे काय, हे नीट समजून घेऊ. पुष्कळांना ती व्यापाऱ्यांची संस्था वाटते, काहींना ते सरकारी खाते वाटते. वास्तविक ती नगरपालिका आणि जिल्हा परिषद यांच्या जोडीची, स्थानिक स्वराज्याची तिसरी जात आहे. तिला ठरलेले क्षेत्र असते. ती परवाना देते आणि काढूनही घेते. ती कर बसवते. त्याला बाजार फी किंवा सेस म्हणतात, आणि तो शंभर रुपयांच्या खरेदीला रुपयाच्या आसपास असून खरेदीदाराने द्यायचा असतो. लहानसहान तंटे ती तोडते. आणि तिची निवडणूक होते. 

तिच्या नियमांचा गाभा चार गोष्टींत आहे. सौदा उघड्या लिलावाने व्हावा. वजन परवानाधारक तोलणाराने, सर्वांसमक्ष करावे. पैसे विक्रीच्या दिवशीच द्यावेत. मंजूर यादीबाहेरची वजावट करू नये. वाचायला सोप्या वाटतात. पण या प्रत्येक नियमामागे एकेक जुनी लबाडी उभी आहे. उघडा लिलाव का? कारण पूर्वी भाव रुमालाखाली ठरत असे. अडत्या आणि खरेदीदार कापडाखाली हात घालून एकमेकांची बोटे दाबत. कोणते बोट म्हणजे किती, हे त्यांचे त्यांना माहीत. शेतकरी समोर उभा, माल त्याचा, आणि त्याला दिसे तो फक्त हलणारा रुमाल. वजनात कडता धरत, म्हणजे पोत्याचे आणि कचऱ्याचे म्हणून काही वजन सरसकट कापत. नमुना म्हणून मूठ-मूठ माल निघे तो परत येत नसे. धर्मादाय म्हणून कापले जाई. धर्म अडत्याचा, पैसा शेतकऱ्याचा. आणि पैसे त्याच दिवशी का? कारण आठवड्याने या म्हटले की शेतकऱ्याला दुसऱ्या खेपेचे भाडे पडते, आणि नडला की तो त्याच गाळ्यावरून उचल घेतो. उचल घेतली की पुढचा माल दुसऱ्या गाळ्यावर नेण्याची सोय राहत नाही. आमच्या पट्टीतले ते १५० रुपये आठवा. भाव ८० निघाला तो लिलावात कमी बोली आली म्हणून, की उचल घेतलेला माणूस बोलणार नाही म्हणून, हे आज कोणी सांगू शकणार नाही.

मग इतका चांगला कायदा असून ‘इतर’ अकरा रुपये कसे कापले गेले? याचे उत्तर निवडणुकीत आहे. समितीची जी रचना कायद्याने ठरवली तीत अठरा निवडून येणारे सभासद: अकरा सहकारी सोसायट्यांच्या पंचांनी निवडायचे, चार ग्रामपंचायतींच्या सभासदांनी, दोन व्यापारी-अडत्यांनी आणि एक हमाल-मापाड्यांनी. म्हणजे पंधरा शेतकऱ्यांचे. कागदावर याहून सोयीची रचना नाही. परंतु ज्याच्या नावाने हे पंधरा जण बसतात तो साधा शेतकरी मतदारच नाही! सोसायटीचा पंच मत देतो, ग्रामपंचायतीचा सभासद मत देतो. आप्पांनी हयातभर गुलटेकडीला माल घातला. मत एकदाही दिले नाही. २०१७ साली कायदा बदलून किमान दहा गुंठे जमीन असलेल्या, बाजारात माल घालणाऱ्या शेतकऱ्याला मताचा अधिकार दिला गेला, आणि २०२० साली तो काढूनही घेतला. निवडणुकीचा खर्च समित्यांना झेपत नाही, असे त्याचे कारण सांगण्यात आले. पुढे त्याला उमेदवार म्हणून उभे राहण्याची मुभा मिळाली. उभा राहू शकतो, पण स्वतःला मत देऊ शकत नाही, असा हा चमत्कार. आणि आपल्या पुण्याच्या समितीत तर प्रशासकांच्या कारभारात जवळजवळ दोन दशके गेली. २०२३ च्या एप्रिलमध्ये निवडणूक झाली. ज्या संस्थेत इतकी वर्षे मतपेटीच नाही, तिथे ‘इतर’ हा रकाना कोण तपासणार?

इथपर्यंत मी शेतकऱ्याच्या मुलाच्या नात्याने बोललो. आता दुसऱ्या नात्याने बोलतो, आणि हे बोलणे मला जड जाते. 

ती पट्टी घेऊन घरी गेल्यानंतर चार वर्षांनी मी त्याच यार्डात हमाल म्हणून लागलो. पाऊस नव्हता, जमीन तीन भावांत वाटली गेली होती. त्या काळी शंभर किलोचे पोते पाठीवर घ्यावे लागे. गाडीतून थप्पीपर्यंत, थप्पीतून काट्यावर, काट्यावरून गाळ्यात. चाळिशीनंतर हमालाच्या गुडघ्यांचे काय होते ते ज्यांना पाहायचे असेल त्यांनी सकाळी यार्डात यावे. त्या दिवसापासून पट्टीतला ‘हमाली १५’ हा रकाना माझी भाकरी झाला. पुढे संघटनेत आलो, आणि हमालीचे दर वाढवून मागणे हे माझे काम झाले. दर दोन-तीन वर्षांनी आम्ही वाढ मागतो. वाढ मिळते तेव्हा तिचा निम्मा-अधिक वाटा खरेदीदाराकडून येतो. पण माल उतरवण्याची हमाली बहुतेक ठिकाणी शेतकऱ्याच्या पट्टीतून जाते. म्हणजे माझ्या सभासदाच्या ताटात पडलेली वाढ माझ्याच गावच्या माणसाच्या हिशेबातून निघालेली असू शकते. एकदा दराच्या बोलणीत एक व्यापारी हसून मला म्हणाला, “अहो, तुमचे भांडण तुमच्या घरच्यांशीच आहे, आम्ही आपले मध्ये बसलोय.” मला त्या वेळी उत्तर सुचले नाही.

उत्तर पुढे कायद्याचा अभ्यास करताना सापडले. १९५० च्या दशकात डॉ. बाबा आढाव यांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली, तिकडे मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केले, आणि या सर्व चळवळींतून १९६९ साली माथाडी कायदा झाला. असंघटित मजुरांसाठी असा कायदा इतरत्र क्वचितच झाला असेल. त्याने काय केले? हमालाची मजुरी मालकाने हातावर टेकवायची नाही. ती मंडळाकडे भरायची, आणि तिच्याबरोबर ठरावीक टक्के लेव्हीही भरायची. त्या लेव्हीतून हमालाचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना. त्यामुळे ज्याला कोणी एक मालक नाही अशा माणसालाही मालक असल्यासारखे हक्क मिळाले. परंतु मजुरीचा बोजा शेवटी कोणावर पडायचा, हा प्रश्न या कायद्याने सोडवला नाही. तो बाजारसमितीच्या कक्षेतला आहे, आणि समित्यांनी तो नेहमी पुढे ढकलला.

माझे मत सांगतो. माल काट्यावर येईपर्यंतचे काम शेतकऱ्याचे, काट्यानंतरचे खरेदीदाराचे, ही जुनी वाटणी आता मोडली पाहिजे. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यावर तोलाईचे काम बदलले, तरी पट्टीत तोलाई राहिली आणि तिच्यावरून ठिकठिकाणी झगडे झाले. २०२४ च्या एप्रिलमध्ये नाशिक जिल्ह्यात हमाली, तोलाई, वाराई यांच्या कपातीवरून कांद्याचे बाजार बंद पडले. शेतकरी, व्यापारी आणि हमाल तिघेही ठाम. आणि ज्या संस्थेने तोडगा काढायचा ती पत्रे पाठवत होती. सबंध हमाली-तोलाई खरेदीदाराने द्यावी, आणि समितीने तिचा दर सेसप्रमाणे फलकावर लावावा, असे मी आमच्या संघटनेतही म्हणतो. व्यापारी तो पैसा भावात कापून घेईल, असा आक्षेप आमचेच लोक घेतात. घेईलही. पण तो लिलावात, दहा जणांच्या बोलीसमोर, कापावा लागेल. कागदाच्या कोपऱ्यात नाही.

जिल्हा परिषदेविषयी थोडक्यात. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हा शेती हे त्यांचे मुख्य काम मानले होते. बियाणे, खते, गुरांचे दवाखाने, गावतळी. पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींना अकरावे परिशिष्ट मिळाले. त्यातल्या २९ विषयांत पहिलाच शेतीचा आहे आणि बाविसावा ‘बाजार व जत्रा’ हा आहे. विषय मिळाले, माणसे आणि पैसा मात्र राज्याच्या खात्यांकडेच बहुतांशी राहिला. खतात भेसळ निघाली तर नमुना घेणारा अधिकारी पंचायत समितीत असतो, एवढे जरी आमच्या शेतकऱ्याला माहीत असले तरी पुष्कळ.

पुणेकरांनी मात्र एका गोष्टीकडे लक्ष द्यावे, कारण तिथे नियंत्रण करणारे आपणच आहोत. खडकवासल्याचे धरण सुमारे १८८० साली पुरे झाले ते शहराचे पाणी आणि कालव्याची शेती या दोहोंसाठी. आज खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून साठा सुमारे २९ अब्ज घनफूट आहे. शहराला मंजूर होते साडेअकरा; आपण उचलतो त्याच्या कितीतरी अधिक. त्या बदल्यात महापालिकेने साडेसहा अब्ज घनफूट सांडपाणी शुद्ध करून मुंढव्याहून जुन्या कालव्यात सोडावे, म्हणजे हवेली, दौंडकडची शेती भिजेल, असा करार झाला. म्हणजे आपली महापालिका ही, तिच्या मनात असो नसो, जिल्ह्यातली एक मोठी पाटबंधारे संस्था झाली आहे. ते पाणी पुरेसे येत नाही आणि येते ते पुरते शुद्ध नसते, अशी खालच्या शेतकऱ्यांची तक्रार आहे. महापालिकेच्या निवडणुकीत या तक्रारीला जागा नाही, कारण तक्रार करणारा मतदार दौंडचा आणि नळ उघडा ठेवणारा कोथरूडचा.

आता शेवटचा बदल. २०१६ च्या जुलैत राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजारसमितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला आणि आवारात अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. व्यापाऱ्यांनी बंद पुकारला, आमचे लोकही काळजीत पडले. अडतीचा निर्णय मला पहिल्यापासून योग्य वाटला. हमालीबाबत मी जे म्हणतो तेच तत्त्व त्यात आहे. नियमनमुक्तीबाबत मात्र माझे मन दोन्हीकडे ओढले जाते. शेतकरी आठवडी बाजारात माझ्या वहिनींनी स्वतः मेथी-कोथिंबीर विकून जे पैसे घरी नेले ते मी पाहिले आहेत. ते सुख यार्डाने तिला कधी दिले नव्हते. पण सगळा माल असा टोपलीने विकला जात नाही.

गेल्या वर्षी माझ्या चुलतभावाने टोमॅटोची सबंध गाडी बांधावरच एका खरेदीदाराला दिली. आवाराबाहेर, म्हणजे सेस नाही, अडत नाही, तोलाई नाही. मी त्याला पट्टी मागितली. त्याने मोबाइल पुढे केला. त्यावर संदेश होता: गाडीचा क्रमांक आणि खाली एक रक्कम. वजन नव्हते, भाव नव्हता, वजावट नव्हती. “काय कापलं तुझं?” मी विचारले. तो म्हणाला, “दादा, कापल्यालं दिसतच न्हाई ह्यात.” मी घरी येऊन आप्पांची पट्टी पुन्हा काढली. तिच्यात निदान ‘इतर’ असे लिहिले तरी होते, आणि ते अकरा रुपये कोणाकडे मागायला जायचे त्या कचेरीचा पत्ता गुलटेकडीला होता.